कान ऐकतात की डोळे?

"कुठला हेडफोन घेऊ रे?" हा प्रश्न ऑफिसात दर महिन्याला येतोच. आणि उत्तर द्यायला सगळे पुढे! ह्याचा बास काय आहे, त्याचा साऊंड कसला क्लीन आहे.. ह्यातल्या एकानेही दोन्ही हेडफोन नाव न बघता ऐकलेले नसतात. माझं स्पष्ट मत आहे, डबा आणि किंमत बघून दिलेलं मत हे आवाजाबद्दलचं मत नसतंच मुळी.

हे मी हवेत बोलत नाहीये. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण आणि छोट्या स्वस्त सेटला कमी. पडदा लावल्यावर तो फरक पुष्कळ आटला. म्हणजे ह्याच धंद्यातल्या माणसांची ही तऱ्हा, तर तुमची-आमची काय कथा!

आवाज दाबून लहान करणारे कोडेक तपासायला एक पद्धत आहे, मश्रा. एकाच तुकड्याचे अनेक नमुने, क्रम पिसलेला, प्रत्येकाला ० ते १०० गुण. त्यात मूळ रेकॉर्डिंगही गुपचूप घातलेलं असतं, आणि ३.५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेला एक मुद्दाम बिघडवलेला नमुनाही. जो वारंवार मूळालाच कमी गुण देतो त्याचा कागद बाद. मला ही आयडिया भयंकर आवडते. मालाबरोबर परीक्षकाचीही परीक्षा!

घरी एवढं नको. पण दोन्हींचा आवाज आधी नीट सारखा करा, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमी 'भारी' वाटतं. मग नाव लपवून १६ वेळा ओळखायला लावा. १० बरोबर आले म्हणून कॉलर ताठ करू नका. नुसतं नाणं उडवूनही साधारण चार-पाच खेपांत एकदा तेवढे किंवा जास्त येतात. १२ आले तर बोलू. (आणि हे रात्री अकरानंतर, पंखा बंद करून. मुलुंडला आमच्या खिडकीखाली रिक्षा भुरभुरत असताना १२८ आणि ३२० मधला फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.)

माझं खरं भांडण मात्र वेगळंच आहे. ऐकवतात काय? युरोपातल्या प्रसारण संघाच्या १९८८च्या चाचणी सीडीवर कॅस्टानेट्स, ग्लोकनश्पील, हार्पसिकॉर्ड. एमपी३ घडवताना कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्गने सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' पुन्हा पुन्हा वापरलं, कारण साथीशिवायच्या त्या आवाजात बिघाड लगेच उघडा पडायचा. चांगलंच आहे की. पण आपला तानपुरा कुठाय?

तानपुऱ्याची तार रुंद घोडीला घासत राहते, मध्ये तो सुती दोरा, आणि त्यातून वरचे स्वरांश सतत झरत राहतात. ती जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली ह्यावर लिहिलंय. मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून ती कानाने काढतात (तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळाला). आणि जागा कमी पडली की बहुतेक कोडेक आधी कात्री लावतात ती वरच्या भागालाच! खाली उरते नुसती गुणगुण. कॅस्टानेट्सवर शंभर गुण मिळवलेला कोडेक इथेही पास होईल, हे गृहीत कसं धरायचं? आपल्याकडे विकायचं असेल तर चाचणीत आपला नमुना हवा, आणि ऐकणाऱ्यांत रोज तानपुरा लावणारं एक तरी माणूस हवं. रविवारी टीव्हीवर मॅच ऐकणारेही हवेत म्हणा, माल शेवटी तेच घेतात.

पुढच्या महिन्यात आम्ही पाच-सहा जण असं बसणार आहोत. सोसायटीतल्या गाण्याच्या बाईंनाही विचारलंय. त्या येतो म्हणाल्या, फक्त अट अशी की नमुन्यातला तानपुरा त्या स्वतः लावणार.