कण्हेर, कुत्री आणि ‘आजवर काही झालं नाही’



बागेच्या मागच्या भिंतीपाशी दोन पिल्लं मेलेली सापडली, तेव्हापासून गावातल्या ग्रुपवर एकाच म्हाताऱ्या माणसाचा उद्धार चाललाय. म्हणे त्यांनीच विष घातलं. का, तर रात्री भुंकण्याबद्दल ते नगरपरिषदेत दोनदा अर्ज देऊन आले होते. पुरावा विचारला की सगळे गप्प. पिल्लांचं शवविच्छेदन झालं नाही, घंटागाडीत टाकली आणि नेली. त्यामुळे ती कशाने मेली हे मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. पण त्याच भिंतीला लागून छाटलेल्या कण्हेरीचा कमरेएवढा ढीग आठ दिवस वाळत पडलाय. तो कुणालाच दिसू नये?

हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं. “अहो, कण्हेर काय आज लावलीय? महादेवाला वाहतो आपण. आजवर कुठलं कुत्रं मेलं?”

आपल्या पूर्वजांनी या झाडाला नाव काय दिलं होतं ते तरी बघा. संस्कृतात कण्हेर म्हणजे करवीर, आणि तिचं दुसरं नाव अश्वमारक. घोडा मारणारी! आयुर्वेदात ती उपविषांत मोजतात, दुधात शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्या, फुलापुरता नको.

तिच्यातलं मुख्य विष ओलिअँड्रिन. पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळ्यात असतं. ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. आधी लाळ, उलटी, जुलाब, मग जनावर मलूल होतं, ठोके मंदावतात किंवा वेडेवाकडे पडतात आणि कधीकधी काही तासांत खेळ संपतो. घोड्या-बैलाएवढ्या जनावराला दहा-वीस पानं पुरतात, असं पशुवैद्यकाची पुस्तकं सांगतात. पाच-सहा किलोच्या पिल्लाचा हिशेब तुम्हीच करा. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तीही त्याच माळेतली. तिच्या बिया खेळायला घेऊन आपली अर्धी पिढी वाढली, नशीब म्हणायचं.

मग आजवर काही झालं कसं नाही? झाड उभं असतं तेव्हा पान कडूजहर असतं. शहाणं जनावर तोंड लावून सोडून देतं. म्हणून तर हायवेच्या दुभाजकावर ती लावतात. गुरं खात नाहीत, पाणी कमी लागतं, धूर सोसते. तिथे ती बरोबर आहे, ‘सगळी कण्हेर उपटा’ म्हणणाऱ्यांच्या मी बाजूचा नाही. घोळ होतो तो छाटल्यावर. वाळलेल्या पानाचा कडूपणा कमी होतो, विष तसंच राहतं. शेळ्या-गुरं त्याला तोंड लावतात. आणि दात येत असलेलं पिल्लू काडी दिसली की चावतं, त्याला चवीशी काय देणंघेणं?

दुसरं म्हणजे, ‘झालं नाही’ हे आपल्याला कळतं कुठून? गल्लीतलं कुत्रं मेलं तर त्याचं कारण कुठल्या रजिस्टरात लिहिलं जातं? शेळी मेली तर ‘पान लागलं’ म्हणून पुरून टाकतात. नोंदच नसेल तर घटना नसणारच.

केरळात मे २०२४ मध्ये एका तरुण नर्सच्या मृत्यूनंतर कण्हेरीचा संशय आला, गाय-वासरू पानं खाऊन दगावल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून हे फूल बंद केलं. देवळांच्या मंडळांना जमलं. आपल्या बाग विभागाला ढीग उचलायला जमत नाही.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्यासाठी. पान चावल्याचा संशय आला तर दूध-ताक पाजत बसू नका, मिठाचं पाणी तर मुळीच नको, त्यानेच जीव जातो. तोंडातली पानं काढा, झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि तडक पशुवैद्याकडे जा. गुरांसाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि बंगल्याच्या दारात हौसेने ठेवलेला सायकस पाम कुत्र्याच्या यकृताला तितकाच वाईट, बिया तर फारच. मोगरा लावा, गुलाब लावा.

आता मुख्याधिकारी साहेबांना. बागेत, लहान मुलांच्या घसरगुंडीपासून चार हातांवर ही कण्हेर कुणाच्या सल्ल्याने लावली? ठेकेदाराच्या बिलात छाटणी आहे, मग छाटलेलं उचलून नेणं कुणाच्या बिलात आहे? ढीग जाळून टाकायचा सल्लाही कुणी देऊ नये, त्याचा धूरही विषारी. गुरं-कुत्री पोचणार नाहीत अशा जागी खड्ड्यात पुरा.

आणि ग्रुपचे ॲडमिन, त्या आजोबांचा फोटो काल रात्री पुन्हा फिरत होता. सकाळी ते दूध आणायलासुद्धा बाहेर पडले नाहीत. तो फोटो आजच काढा.