थाप

मराठीत 'थाप' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तबल्यावर पडते ती थाप, पाठीवर पडते ती शाबासकीची थाप, आणि उशिरा आलेला मित्र वाहतुकीच्या नावाने मारतो तीही थापच. गेल्या साडेतीन वर्षांत मी या शब्दाला आणखी एक अर्थ स्वतःपुरता जोडून घेतला आहे. आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसहा वाजता, पुण्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर अंथरलेल्या निळ्या मॅटवर माझ्या निम्म्या वयाचा कुणी मुलगा पाठीमागून माझ्या गळ्याभोवती हात आवळतो आणि मी त्याच्या दंडावर दोनदा थाप देतो. तो तत्क्षणी सोडतो. "काका, ठीक आहात ना?" असे विचारतो. आम्ही हात मिळवतो आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून सुरुवात करतो. आमच्या वर्गात सारे याला 'टॅप' म्हणतात. मी मनातल्या मनात थाप म्हणतो. मराठीचा प्राध्यापक असल्याने एवढी सवलत मी घेतली आहे.

ब्राझिलियन जिउ-जित्सू हा तो छंद. सहकाऱ्यांना हे कळते तेव्हा दोन प्रश्न ठरलेले असतात. "लागत नाही का?" हा पहिला, आणि "पण याचा उपयोग काय?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे: लागते. दुसरा प्रश्न आयुष्यभर कविता शिकवणारी माणसे विचारतात याची मौज वाटते. तरीही त्याचे उत्तर द्यावे असे अलीकडे वाटू लागले आहे, आणि ते या थापेत आहे.

या विद्येचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोडोकान स्थापन केले आणि जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो घडवला. त्यांच्या परंपरेतला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलें शहरात स्थिरावला. त्याच्याकडे शिकलेला कार्लोस ग्रेसी, त्याचा धाकटा भाऊ हेलिओ आणि त्यांचे भलेमोठे कुटुंब यांनी ही विद्या रिओमध्ये वाढवली आणि उभ्याने फेकण्यापेक्षा जमिनीवरच्या झुंजीवर भर दिला. त्या काळी ज्यूदोलाही सर्रास जिउ-जित्सूच म्हणत, म्हणून नाव जुने राहिले.

आपल्याकडच्या वाचकाला यात सर्वांत चमत्कारिक वाटेल ती गोष्ट पाठीची. आपल्या तालमीत पाठीला माती लागली की कुस्ती संपली. 'चितपट' हा शब्द आपण निवडणुकीपासून संसारापर्यंत कुठेही वापरतो तो त्याच अर्थाने. जिउ-जित्सूत पाठ टेकली की झुंजीला खरी सुरुवात होते. खाली पडलेला माणूस दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती आणतो, याला 'गार्ड' म्हणतात, आणि तिथूनच त्याला उलथवतो, त्याचा हात अडकवतो किंवा गळा आवळतो. मल्लविद्येच्या जुन्या वर्गीकरणात जांबुवंती आणि जरासंधी असे प्रकार सांगतात. एकात प्रतिस्पर्ध्याला जखडून शरण आणायचे, दुसऱ्यात सांधे मोडायचे. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. आखाड्याने ती मागे ठेवली. आखाड्याने शड्डू ठेवला. मांडीवर हात मारून दिलेले ते आव्हान लांबवर ऐकू जाते. जिउ-जित्सूतली थाप समोरच्यापुरतीच असते. तिचा आवाज शेजारच्या जोडीलाही जात नाही.

साहित्याविषयी, म्हणजे साधनसामग्रीविषयी, थोडे लिहितो. कारण हौशी माणसाचे खरे प्रेम अनेकदा तिथेच असते. 'गी' म्हणजे जाड सुती अंगरखा, विजार आणि पट्टा. पहिला गी मी मोहाने घेतला: जाड विणीचा, खांद्यावर भरतकाम असलेला, मापाने ए-२. सुती कापड धुतल्यावर आटते हे आमच्या घरात मला सोडून सर्वांना ठाऊक होते. दोन धुण्यांत बाह्या मनगटाच्या वर गेल्या, आणि स्पर्धेचे पंच बाहीची लांबी मोजतात. शिवाय तो जुलै महिना होता. पुण्याच्या पावसात जाड गी दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर गी अंगावर चढवण्याइतकी सहनशक्ती ना आपल्यात असते ना जोडीदारात. नायटा हा या खेळातला खरा प्रतिस्पर्धी आहे. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला रुक्ष आहे. पहिले तीन महिने कुणाचा जुना ज्यूदोचा गी मिळाला तर तोच वापरावा. मग पर्ल विणीचे, दर चौरस मीटरला साधारण ३५० ते ४५० ग्रॅम वजनाच्या कापडाचे दोन साधे गी घ्यावेत. एकच भारी घेऊ नये. माप अर्धवट असेल तर मोठे घ्यावे आणि गार पाण्यात धुवावे. स्पर्धेत पांढरा, निळा आणि काळा एवढेच रंग चालतात, तेव्हा चौथ्या रंगाच्या नादी लागू नये. आत घालायला अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड, दातांसाठी माऊथगार्ड, बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी. आणि नखे कापावीत. याला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी याविषयी लिहीत नाही. बाकी सारे म्हणजे न वाचता विकत घेतलेल्या ग्रंथांसारखे आहे. (माझ्याकडे तेही पुष्कळ आहेत.) जगातले कितीतरी गी पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवले जातात, हे मला माझ्या गीच्या आतल्या चिठ्ठीवरून कळले. जपानी विद्या, ब्राझिली नाव, सियालकोटची शिलाई आणि घाम सदाशिव पेठेचा. असो.

आता स्पर्धेविषयी. दीड वर्षापूर्वी, पांढऱ्या पट्ट्यावर असताना, मी एका छोट्या स्पर्धेत उतरलो. हौशी माणसाने स्पर्धा करावी का, यावर आमच्याकडे बराच वाद चालतो. माझे मत असे की एकदा करावी, आणि ती जिंकण्याच्या आशेने करू नये. वर्गातल्या झुंजीत एक अदृश्य सौजन्य असते. पंचविशीतला मुलगा काकांचा हात हळू ताणतो, काकांना विचार करायला वेळ देतो. आपल्याला वाटते की आपल्याला जमते आहे. स्पर्धेत समोरचा आपल्याला ओळखत नाही, आणि आपण कुणाचे काका नसतो.

माझ्या गटात दोघेच होतो: मी आणि माझ्यासारखाच चाळिशी ओलांडलेला, बँकेत नोकरी करणारा एक गृहस्थ. पांढऱ्या पट्ट्याची लढत पाच मिनिटांची. पहिल्या मिनिटात त्याने मला खाली पाडले, दोन गुण. माझ्या पायांचा अडसर ओलांडला, तीन गुण. माझ्या छातीवर स्वार झाला, चार गुण. त्याची कॉलर पकडून पकडून माझे पंजे इतके भरून आले की बोटे उघडेनात. श्वास घ्यायचा असतो हेही मी विसरलो होतो. फलकावर ९-० दिसत होते आणि चाळीस सेकंद उरले होते. तेवढ्यात त्याने माझा उजवा हात दोन्ही पायांत धरला आणि मागे झुकला. हा आर्मबार, वर्गात यात मी शंभरदा तरी सापडलो असेन, आणि शंभरदा थाप दिली असेल. त्या दिवशी दिली नाही. ९-० ने हरणे आणि थाप देऊन हरणे यांत त्या क्षणी मला काहीतरी मोठा फरक वाटला. कोणता, ते आजही सांगता येत नाही. कोपरात काहीतरी कट्कन वाजले तेव्हा थाप दिली. त्या गृहस्थाचा यात काडीचा दोष नाही. त्याने सावकाश ताणले होते आणि हात वाजताच सोडून दिला होता. दोघांच्या गटात हरणाऱ्यालाही रौप्यपदक मिळते. ते माझ्या कपाटात आहे. ते कुणाला दाखवले असते तर तीही एक थापच ठरली असती.

सहा आठवडे उजव्या हाताने फळ्यावर लिहिता येईना. मुलांनी विचारले, "सर, काय झालं?" मी म्हणालो, जिन्यावरून घसरलो. मॅटवर वेळेवर द्यायची थाप दिली नाही म्हणून वर्गात दुसरी थाप मारावी लागली.

ती इतक्या सहज कशी सुचली, याचा त्या सहा आठवड्यांत मी पुष्कळ विचार केला. मग एक जुना प्रसंग आठवला. मराठी कादंबरीच्या आरंभाविषयी शिकवताना मी एकदा फळ्यावर बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चे साल १८७५ असे लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, १८५७ ना?" आकडे उलटले होते, एवढेच. "बरोबर, चुकलो" हे दोन शब्द पुरले असते. मी काय म्हणालो? "आवृत्त्यांचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, काही अभ्यासकांचे मतभेद आहेत." ती मुकाट खाली बसली. तिच्या वहीत काय राहिले कोण जाणे.

आपल्या व्यवसायात 'मतभेद आहेत' हे वाक्य कोपर वाचवण्यासाठी वापरले जाते. चर्चासत्रांत मी पंचवीस वर्षे जातो आहे. तेथे प्रबंध वाचले जातात, आक्षेप घेतले जातात, अध्यक्षीय समारोप होतो आणि साऱ्यांची मते जशी आली तशीच बसमध्ये बसून परत जातात. "तुमच्या या मुद्द्याने माझे म्हणणे कोसळले" असे कुणी व्यासपीठावरून म्हणाल्याचे मला स्मरत नाही. मीही म्हटलेले नाही. शड्डू मात्र पुष्कळ ऐकले.

येथे हेलिओ ग्रेसीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा अर्थ मी इतरांपेक्षा वेगळा लावतो. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात तो जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा याच्याशी लढला. किमुरा वजनाने जड आणि कौशल्याने वरचढ होता. त्याने हेलिओचा हात पिळून पाठीमागे नेला. हेलिओने थाप दिली नाही. हाड मोडल्याचे किमुराने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. अखेर कार्लोसने भावाच्या वतीने हार मान्य केली तेव्हा लढत थांबली. हेलिओच्या या न झुकण्याचे गोडवे आजही गायले जातात. मला त्यात गाण्यासारखे काही दिसत नाही, आणि हे मी केवळ माझ्या कोपराच्या अनुभवाने म्हणत नाही. ज्या विद्येचा पाया वेळेवर दिलेल्या थापेवर आहे, तिच्या जनकांपैकी एकाने ती न देणे हा तिचा विजय कसा? मला मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. ज्यूदोत 'उदे-गारामी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डावांपैकी जो हेलिओवर चालला, त्याला जिउ-जित्सूत नाव मिळाले 'किमुरा'. ज्याने आपल्या माणसाचा हात मोडला त्याचे नाव त्यांनी आपल्या पाठ्यक्रमात कायमचे लिहून ठेवले. आज रिओपासून पुण्यापर्यंत पांढरा पट्टा बांधलेला नवशिका पहिल्या काही महिन्यांतच ते नाव शिकतो. आपल्या समीक्षेत एखाद्या सिद्धांताचे खंडन करणाऱ्याच्या नावाने त्या सिद्धांताच्याच परंपरेत एखादी संज्ञा रूढ झाली आहे का, याचा मी बराच शोध घेतला. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर आनंदाने थाप देईन.

यावरचा आक्षेप मला दिसतो. साहित्यातला मुद्दा कोपरासारखा नसतो. तो किती ताणला की मोडतो हे सांगणारे अस्थिबंध तेथे नाहीत. कवितेचा एक अर्थ दुसऱ्याला चितपट करत नाही, करूही नये. मान्य आहे. पण १८५७ आणि १८७५ हा अर्थाचा प्रश्न नव्हता. आपण ज्यांना मतभेद म्हणतो त्यांतले किती खरोखर मतांचे असतात आणि किती न दिलेल्या थापांचे, हे ज्याने त्याने आपल्या टिपणवहीत पाहावे. मी माझ्या वहीत पाहिले. आकडा येथे देत नाही.

गेल्या डिसेंबरात मला निळा पट्टा मिळाला. आमचे प्रशिक्षक माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. ते मला 'सर' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणतो, आणि नवा मुलगा पहिले दोन दिवस आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहतो. परवा त्यांनी विचारले, "सर, या वेळी उतरणार ना?" आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार ४१ ते ४५ वर्षांचा एक गट असतो आणि ४६ पासून पुढचा. पुढच्या वर्षी मी त्या दुसऱ्या गटात जाईन. वजन गी घालूनच करतात, म्हणजे दीड-दोन किलो कापडाचे धरून मला ७६ च्या आत राहावे लागेल. दिवाळी मध्ये आहे. पावसाळी हवेत कोपर अजून कुरकुरते.

मी त्यांना म्हटले, विचार करून सांगतो. मग जिन्याच्या त्या गोष्टीबद्दल त्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "आता मुलांनाही सांगून टाका." त्या वर्गातली मुले उत्तीर्ण होऊन गेली आहेत. 'यमुनापर्यटन' मात्र येत्या सोमवारी पुन्हा शिकवायचे आहे.