या वाटांना आपलेही हात हवेत

ओटावा नदीच्या काठाने शहराच्या मध्यापासून पश्चिमेकडे जाणारी किची सिबी विंटर ट्रेल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सुमारे 16 किलोमीटरची वाट. भारतातून आलेले आईवडीलही तिच्यावर स्नोशू बांधून हौसेने हिंडतात. तिकीट नाही, फाटक नाही. त्यामुळे रस्त्यावरचा बर्फ जशी महापालिका काढते तशी ही वाटही कुठलं तरी खातं राखत असणार, असं आपण गृहीत धरतो. जमीन नॅशनल कॅपिटल कमिशनची आहे हे खरं. पण ही वाट उभी केली आणि चालवली ती स्वयंसेवकांनी. रिडो, ब्रिटानिया, स्की हेरिटेज ईस्ट या शहरातल्या वाटांचंही तेच. माझं म्हणणं असं, की आपल्या मंडळाने यातल्या एका वाटेच्या कामात दरवर्षी, ठरवून, भाग घ्यावा.

काम काय असतं ते आधी पाहू. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांशी हवा. स्नोमोबिलमागे रोलर जोडून तो दाबायचा, मग काही तास थंडीत तसाच राहू द्यायचा; कण एकमेकांना धरतात आणि वाट घट्ट होते. हे रात्रीच साधतं, कारण तेव्हा थंडी असते आणि वर्दळ नसते. क्लासिक स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडायच्या, स्केट पद्धतीने जाणाऱ्यांसाठी रुंद सपाट पट्टा ठेवायचा, चालणाऱ्यांना आणि स्नोशूवाल्यांना वेगळी कड द्यायची. मध्येच पाऊस पडून गोठला, की दातेरी अवजाराने तो टणक थर फोडून पुन्हा पहिल्यापासून. पानगळीत झुडपं छाटायची, आडवी पडलेली झाडं कापायची, पाट्या ठोकायच्या ते निराळंच. श्रम विनामोबदला मिळाले तरी पेट्रोल, यंत्राची दुरुस्ती आणि विमा यांचे पैसे मोजावेच लागतात.

आणि मग सकाळी कोणीतरी बूट घालून त्या खाचांमधून चालत जातं. नुकत्याच सारवलेल्या अंगणातून चपलांनी जावं तसं ते दिसतं, पण नुकसान त्याहून मोठं. पावलांचे खड्डे गोठतात आणि संध्याकाळी उतारावरून येणाऱ्याची स्की त्यात अडकते. आपल्या मुलांना कडेने चालायला शिकवणं हीसुद्धा या वाटेची देखभालच आहे.

‘आपण कर भरतो, शहराने करावं की!’ हा युक्तिवाद मला पटत नाही. महापालिकेचा पैसा आधी रस्ते, बसमार्ग आणि फुटपाथांकडे जाणार, आणि तिकडेच जायला हवा. नदीपलीकडे गॅटिनो पार्कमध्ये उत्तम वाटा आहेत, पण तिथे हिवाळ्यात स्कीसाठी पास लागतो आणि बहुतेकांना गाडीही लागते. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं. उसनी स्की घेऊन बसने जाता येईल अशी जागा त्याच्यासाठी हीच. शिवाय गॅटिनोतल्या स्कीच्या वाटांची सुरुवातही सरकारने केलेली नाही. 1910 मध्ये स्थापन झालेल्या ओटावा स्की क्लबच्या सभासदांनी त्या टेकड्यांमधली झाडी तोडून वाटा काढल्या. पार्क झालं ते 1938 मध्ये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बर्फच भरवशाचा उरला नाही, मग एवढा खटाटोप कशाला? 2022-23 च्या हिवाळ्यात रिडो कालव्यावरचं स्केटिंग एकही दिवस सुरू झालं नाही. स्केटवेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. ती हळहळ अजून गेलेली नाही. पण कालव्यावर जाडजूड थर गोठावा लागतो; स्कीच्या वाटेचं थोडक्यात भागतं, फक्त पडलेला बर्फ वेळेवर दाबायला हवा. दाबलेला बर्फ उशिरा वितळतो, आणि उघड्या पडलेल्या जागी बाजूचा बर्फ फावड्याने आणून टाकता येतो. म्हणजे हिवाळा जितका दुबळा, तितके हात जास्त लागतात.

श्रमदान आपल्याला कोणी शिकवायला नको. 2016 पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी महाराष्ट्रात गावंच्या गावं कुदळ-फावडं घेऊन उन्हात उतरली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर जाऊन टाकी उपसणारे तर आपल्यातल्या कित्येकांचे जुने मित्र. इथे मात्र आपण पाहुण्यासारखे वागतो. जिथे घर घेतलं, जिथे मुलं वाढली, त्या गावात पाहुणं राहणं मला खटकतं.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार मंडळाने छाटणीला द्यावा. करवत चालवता येत नसेल तर फांद्या ओढायला, पाट्या धरायला माणसं लागतातच. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या जमाखर्चात वाटेच्या इंधनासाठी एक रक्कम असावी, दरवर्षी, कोणी मागायला न येता. तरुणांपैकी दोघं-तिघं यंत्र चालवायला शिकली तर फारच उत्तम. रात्री थंडीत बाहेर पडणारे थोडेच असतात आणि तेही थकतात. कार्यकारिणीने हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा. आणि वाचकहो, सभेला येताना आपण कोणत्या कामाला हात लावणार, ते ठरवून या.