साठवता न येणारे औषध

ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पोखरण उभे राहते. १९७४ च्या स्फोटातील प्लुटोनियम तिथल्याच 'सायरस' भट्टीतले होते, हे खरेच. परंतु त्याच आवारात आणखी एक वस्तू तयार होते आणि ती रुग्णाच्या पोटात जाते: किरणोत्सारी आयोडीन. अणुशक्तीवर आपल्याकडे पुष्कळ वाद झडले, ते बॉम्ब आणि वीज या दोन शब्दांभोवती. औषध हा तिसरा शब्द त्यात फारसा ऐकू आला नाही. सामान्य माणसाशी सर्वांत जवळचा संबंध मात्र त्याचाच आहे, असे मला वाटते.

उपचारामागील तत्त्व साधे आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक बनवण्यासाठी आयोडीन लागते आणि ती ते रक्तातून वेचून घेते. साधे आयोडीन कोणते व किरणोत्सारी कोणते, हा भेद तिला कळत नाही. आयोडीन-१३१ पोटात गेले की ते ग्रंथीत जाऊन बसते. त्याचे बीटा कण फार तर दोनेक मिलिमीटर जातात व तेवढ्याच टापूतील पेशी मारतात. १९४१ साली बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडवर हा उपाय प्रथम केला. थायरॉइड-कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारांतही पेशींचा हा गुण बहुधा टिकून असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या, क्वचित फुप्फुसापर्यंत गेलेल्या पेशींचाही माग हे औषध काढते. अलीकडे ल्युटेशियम-१७७ योग्य रेणूला जोडून प्रोस्टेटच्या कर्करोगावरही वापरले जाते.

अडचण निराळीच आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे. आज १०० भाग असलेले औषध ८ दिवसांनी ५० आणि १६ दिवसांनी २५ भागच उरते. अन्य औषधांसारखा वर्षाचा साठा गोदामात ठेवता येत नाही. भट्टी, वाहतूक आणि रुग्णाची तारीख यांचा मेळ दर खेपेस नव्याने जमवावा लागतो. कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद पडली, तेव्हा तपासणीसाठी लागणाऱ्या टेक्नेशियमचा तुटवडा जगभर झाला. श्रीमंत देशांतील इस्पितळेही त्यातून सुटली नाहीत.

आपण या क्षेत्रात नवखे नाही. अणुऊर्जा खात्याने १९६३ सालीच परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. १९८५ पासून 'ध्रुव' भट्टी चालू आहे. १९८९ साली समस्थानिकांच्या पुरवठ्यासाठी 'ब्रिट' हे स्वतंत्र मंडळ झाले. विज्ञान आहे, माणसे आहेत. मग गाडे अडते कुठे?

ते अडते खोलीपाशी. अतिक्रियाशील थायरॉइडची मात्रा लहान. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. कर्करोगाची मात्रा मोठी. त्यासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र शौचालय आणि सांडपाणी किरणोत्सार ओसरेपर्यंत अडवून ठेवणाऱ्या टाक्या लागतात. लहान गावात हे उभे राहत नाही. माझ्या परिचयातील मराठवाड्यातील एका शिक्षिकेची शस्त्रक्रिया वेळेवर झाली; खोलीची तारीख मात्र पुढे ढकलली गेली. आयोडीन ग्रंथीच्या पेशींनी नीट घ्यावे म्हणून थायरॉक्सिनची गोळी बऱ्याचदा आधी काही आठवडे बंद ठेवतात. तारीख लांबली की तो थकवा, ती सुस्ती लांबते. वर मुंबईतला मुक्काम आणि बुडालेली रजा.

दुसरा अडसर भीतीचा. घरी परतलेल्या रुग्णाने काही दिवस लहान मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून अंतर राखायचे असते, एवढेच. शेजारपाजारी त्याचे जन्माचे सोवळे करतात. दुसऱ्या टोकाला औषधाची जाहिरात करणाऱ्यांनीही हे सांगावे, की गरोदरपणी ते देत नाहीत आणि उपचारानंतर अनेकांना थायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावे लागते.

मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून भट्टी उभारण्याची घोषणा केली. घोषणा स्वागतार्हच, पण नुसती भट्टी वाढवून रांग कमी होणार नाही. प्रत्येक महसुली विभागातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अशा खोल्या आणि टाक्या हव्यात, त्या चालवणारे प्रशिक्षित लोक हवेत. खर्च बांधकामाचा आणि पगाराचा आहे, शोधाचा नव्हे. ८ दिवसांत निम्मे होणारे औषध कुणाची वाट पाहत नाही. ते पोचेल तेव्हा रुग्णासाठी खोली तयार असावी, ही जबाबदारी सरकारची आहे.