शल्यवैद्य अंथरुणे बदलतो



मागील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक माउली पडवीत येऊन उभी राहिली. तिची कन्या जर्मनीतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. कन्येने घरी कळविले होते की, तिच्या विभागात एक सीरियन गृहस्थ सहायक म्हणून काम करतात. रोग्यांची अंथरुणे बदलणे, त्यांना भरविणे, बेडपॅन उचलणे हे त्यांचे काम. आणि हेच गृहस्थ मायदेशी अलेप्पो शहरात शल्यवैद्य होते! माउलीला ते काही केल्या पटेना. "फादर, शिकलेला डॉक्टर असता तर त्याला कोणी असली कामे लावली असती का? थापा मारीत असेल मेला." खरे सांगावयाचे तर क्षणभर माझ्याही मनात तोच संशय डोकावला. त्या क्षणाची मला अद्याप लाज वाटते, म्हणून आजचे हे चार शब्द.

निर्वासित माणूस आणि त्याचा धंदा ही जोडी पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून पाहा. सम्राट क्लौद्य याने यहूद्यांना रोम सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा अक्विल्ल आणि त्याची पत्नी प्रिस्किल्ला ही दोघे करिंथ शहरी येऊन राहिली. त्यांचा धंदा तंबू करण्याचा. संत पौलाचाही तोच धंदा, म्हणून तो त्यांच्या घरी उतरला आणि तिघे मिळून काम करू लागले. करिंथच्या बाजारात त्यांना कोणी प्रमाणपत्र विचारले असेल असे वाटत नाही. शिवण पाहिली, ताण देऊन पाहिला, की कारागिराची पारख झाली. परंतु वैद्याचे तसे नाही. त्याची पारख करावयाची तर एखाद्याचे पोट फाडावे लागते! म्हणून तेथे राज्यसत्ता कागद मागते; आणि नेमका कागदच निर्वासिताजवळ नसतो.

माउलीला मी विचारले, "बाई, तुमची मुलगी तेथे गेल्या गेल्या परिचारिका झाली का?" ती म्हणाली, "नाही फादर, आधी काही महिने तीही मदतनीसच होती. मग तिचे कागद पास झाले." ते कागद कोणी मिळविले? या माउलीनेच. कॉलेजच्या कचेरीत चार खेपा, नर्सिंग कौन्सिलकडे दोन, मग भाषांतर आणि शिक्के. मुलीच्या पाठीशी आई होती, कॉलेज होते, शाबूत नोंदवह्या होत्या, परदेशात दाद मागायला आपली वकिलात होती. त्या शल्यवैद्याच्या पाठीशी यांपैकी काय आहे? तो २०२३ साली तेथे पोहोचला. ज्या सरकारच्या भीतीने तो पळाला, त्याच्याच दारी 'माझी वर्तणूक चांगली होती' असा दाखला मागण्यास कसे जावे? ते सरकार डिसेंबर २०२४ मध्ये कोसळले खरे, पण ज्या रुग्णालयात त्याने उमेदवारी केली त्याची दप्तरे युद्धात नष्ट झाली, असे मुलगी लिहिते.

जर्मनीचा कायदा निर्दय आहे असे मात्र कोणी समजू नये. १ एप्रिल २०१२ पासून तेथे असा कायदा अमलात आहे की, परदेशी शिकलेल्या कोणाही माणसाला, मग तो कोणत्याही देशाचा नागरिक असो, आपल्या शिक्षणाची तेथील शिक्षणाशी तुलना करून घेण्याचा हक्क आहे. सर्व कागद पोहोचल्यावर साधारणपणे ३ महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. सर्व गोम 'सर्व कागद' या दोन शब्दांत आहे.

वैद्याला मग काय करावे लागते? प्रथम जर्मन भाषा. बाजारहाटापुरती नव्हे, वैद्यकीय भाषेची निराळी परीक्षा असते. तिचे तीन भाग, प्रत्येकी सुमारे २० मिनिटांचे. पहिल्यात रोग्याचे सोंग घेतलेल्या माणसाला त्याचे दुखणे विचारावयाचे, दुसऱ्यात त्याचा वृत्तांत लिहावयाचा, तिसऱ्यात तो दुसऱ्या वैद्याला समजावून सांगावयाचा. चाळिशीतल्या माणसाने नवी लिपी, नवे व्याकरण शिकून हे करावयाचे, तेही दिवसभर अंथरुणे बदलून आल्यावर. त्यानंतर शिक्षणाची तुलना. कागद अपुरे पडले किंवा अभ्यासक्रमात उणीव दिसली, तर ज्ञानाची तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा. तीत औषधोपचार व शस्त्रक्रिया हे दोन्ही विषय येतात. नापास झाल्यास ती पुन्हा दोनदा देता येते. मधल्या काळासाठी तात्पुरता परवाना मिळू शकतो, तोही साधारणतः २ वर्षांपुरताच. आणि तेथील १६ प्रांतांपैकी प्रत्येकाची कचेरी वेगळी.

या चक्रातून पार पडणारे पुष्कळ आहेत. २०२३ च्या अखेरीस जर्मनीतील परदेशी वैद्यांत सीरियन वैद्यांची संख्या सर्वांत मोठी, ५,००० हून अधिक होती. ते सर्वच निर्वासित म्हणून गेले असे नाही. काही रीतसर व्हिसावर गेले. तथापि माउलीच्या 'थापा' या शब्दाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

सुतार, गवंडी, वायरमन यांची गोष्ट जराशी सोपी. नोकरीपुरता त्यांना परवाना लागत नाही, पण कागदाविना मजुरी कमी मिळते. अशांसाठी त्या कायद्याने एक शहाणपणाची सोय केली आहे. कागद हरवले असतील तर कारागिराला जाणत्यांसमोर प्रत्यक्ष काम करावयास सांगतात, त्याच्याशी धंद्याविषयी बोलतात आणि त्यावरून त्याची लायकी ठरवितात. म्हणजे पुन्हा करिंथचा बाजार!

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात नोकरीच्या हक्काचे कलम आहे, पदव्या मानण्याविषयीही उल्लेख आहे; परंतु वकील, वैद्य आदींच्या बाबतीत पदवी मानावी की नाही, हे त्या त्या देशावरच सोडले आहे. १९९७ च्या लिस्बन करारात युरोपातील देशांनी एक पाऊल पुढे टाकले. कागद नसले तरी निर्वासिताचे शिक्षण तपासण्याची वाट काढावी, असे त्यात ठरले. २०१७ पासून युरोपीय परिषद अशांची मुलाखत घेऊन एक शैक्षणिक पारपत्र देते. ते ५ वर्षे चालते. तो वैद्यकीचा परवाना नव्हे, पण रिकाम्या हातांपेक्षा बरे.

आपल्या बेळगावच्या वाचकांना हे सर्व दूरचे वाटू नये. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले, बहुतेक कॅथलिक. रशियाने त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले होते. तेथून इराणमार्गे ते येथे पोहोचले. त्यांनी छावणीत देऊळ उभारले, आणि शाळाही काढल्या, अगदी वरच्या वर्गांपर्यंत. घर नाही, देश परत मिळेल की नाही ठाऊक नाही, तरीही पोरांच्या परीक्षा बुडू द्यावयाच्या नाहीत, हा त्या मातांचा निर्धार. त्याच वर्षांत स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला परागंदा पोलिश विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय विद्यालय चालले, १९४१ ते १९४९. तेथून २०० हून अधिक वैद्य बाहेर पडले आणि १९४७ च्या ब्रिटिश कायद्याने निर्वासित वैद्यांना कायमच्या नोंदणीची वाट मोकळी झाली. याउलट ऑस्ट्रेलियाने युरोपच्या छावण्यांतून जे विस्थापित नेले, त्यांना २ वर्षे सरकार सांगेल ते काम करण्याचा करार लिहून द्यावा लागे. कागदावर पुरुष 'मजूर' आणि स्त्री 'घरकामकरी'. त्यांत वैद्यही होते.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे प्रेषितीय संविधान काढले, त्यात इजिप्तला पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा नमुना म्हटले आहे. संत योसेफाने तेथे कोणते काम केले, मजुरी किती मिळाली, शास्त्र काही सांगत नाही. मला मात्र वाटते, त्यालाही कोणीतरी प्रथम संशयानेच पाहिले असेल.

हे सर्व मी माउलीला अर्थातच एका दमात सांगितले नाही. ती पायरीवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पोरगी सांगत होती, एकदा रात्री एका म्हाताऱ्याचा श्वास अडकला, तर यानेच आधी ओळखले आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. स्वतः हात लावला नाही, परवाना नाही म्हणून." थोडा वेळ ती गप्प राहिली. त्या गृहस्थाची ज्ञानाची परीक्षा येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. तो कोणत्या धर्माचा, हे मुलीने लिहिलेले नाही, आणि आईनेही विचारलेले नाही. त्या मंगळवारच्या सकाळच्या मिस्सेचा हेतू ती माझ्याकडे नोंदवून गेली आहे.