गाडी तुमची, पॉलिसी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाची गाडी दुभाजकावर आदळली. चार महिन्यांपूर्वीच त्याने ती सेकंडहँड घेतली होती. आरसी त्याच्या नावावर झाली होती, विमाही ‘चालू’ होता. तरी क्लेम नाकारला गेला, कारण पॉलिसीवर अजून जुन्या मालकाचंच नाव होतं. दुरुस्तीला बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले.

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असते, म्हणून हे नीट समजून घ्या. पॉलिसीत दोन वेगळे करार असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे आणि गाडी विकली की तो आपोआप नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, तसं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे स्पष्ट केलं आहे. व्यवहार झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. एजंट ‘होऊन जाईल भाई’ म्हणतो, तेव्हा बहुधा तो आरसीबद्दल बोलत असतो.

नो क्लेम बोनससुद्धा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याची ५० टक्के सूट तुम्हाला मिळत नाही. तिचा फरक भरावा लागतो.

पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे शेड्यूल, एकदा शांतपणे वाचा. (आम्ही सॉफ्टवेअरवालेच लोकांना न वाचता ‘आय ॲग्री’ दाबायची सवय लावली, हे कबूल!) आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, हप्ता कमी दिसावा म्हणून ती कमी करून दिलेली असू शकते. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आहे का, तेही तिथेच कळतं. आणि पांढऱ्या पाटीची गाडी लग्नसराईत भाड्याने देत असाल, तर ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ ही ओळ जरूर शोधा. भाड्याच्या फेरीत अपघात झाला, तर त्याच ओळीवर बोट ठेवून क्लेम नाकारतात.

क्लेम चुकीने नाकारलाय असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही.