हवा कशी आहे?

पूर्वी 'हवा कशी आहे?' असे कोणी विचारले की प्रश्न निवडणुकीचा किंवा महाबळेश्वरचा आहे, असे मी खुशाल समजत असे. हल्ली आमची कन्या तो रोज सकाळी मोबाइलला विचारते आणि मोबाइल तिला एक आकडा सांगतो.

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी अंगणात फटाक्यांची माळ लावली आणि विजयी मुद्रेने घरात आलो. कन्या म्हणाली, "बाबा, 312. अति वाईट."

"अगं, सणाचा धूर तो! चार डास मरतील, एवढेच."

मग मराठीच्या प्राध्यापकाला धडा मिळाला. हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. सामान्य माणसाला कळावा म्हणून सरकारने 2014 साली आखलेला. 50 पर्यंत हवा चांगली, 100 पर्यंत समाधानकारक, 200 पर्यंत मध्यम, 300 पर्यंत वाईट, 400 पर्यंत अति वाईट, पुढे गंभीर. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात. आपला केस त्यांच्या वीसपट तरी जाड! शिवाय थंडीच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि वर उबदार हवेचे झाकण. धूर जाणार कुठे?

"विशेषणे बरी निवडली आहेत," असे म्हणून मी आईला फराळासाठी हाक मारली. उत्तर आले नाही. ती आतल्या खोलीत खिडकी लावून, गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. दम्याचा पंप मांडीवर होता. बोलवत नव्हते, तरी हातानेच 'काही नाही, तू जा' म्हणत होती. सणाच्या दिवशी मुलाचा विरस नको ना! माळ मी लावली होती, ती तिच्याच खिडकीखाली.

तेव्हापासून कन्या जिन्याखालच्या फळ्यावर रोज आकडा लिहिते. आधी सारे हसले. मग कोपऱ्यात पाला जाळणाऱ्या शेजारच्या अप्पांनी खड्डा खणून खत करायला घेतले. एवढ्याने शहराचा आकडा उतरेल, अशा भ्रमात मी नाही. मोटारींचा धूर आणि बांधकामांची धूळ आहेच. पण फळा वाचल्याशिवाय आता कोणी काडी ओढत नाही.

यंदा माळ आणायची नाही, असे ठरले आहे. आई म्हणते, "माझ्यापायी पोरांचा सण कशाला बुडवतोस?" मी वाद घालीत नाही. फळा पाहून येतो आणि आकडा बरा असला, तर तिची खिडकी उघडतो.